खोल आणि अडचणीच्या प्लग होलमध्ये कॉम्प्रेशन गेज बसवताना

प्रश्न नाशिकमधल्या सातपूरच्या एका गॅरेजमधला आहे. कॉम्प्रेशन गेज म्हणजे प्लगच्या भोकात बसवून सिलिंडरमधलं प्रेशर मोजायचं हत्यार. थोडक्यात असा: "मारुती ईकोच्या प्लगच्या खोल खड्ड्यात गेजच्या होसचे आटे पकडत नाहीत. पकडले तर होस सोडताना अडॅप्टर आतच राहतं. एकाच सिलिंडरचं रीडिंग कधी सात किलो येतं, कधी अकरा. पल्सर बाईकच्या एका बाजूच्या प्लगपर्यंत तर हातच जात नाही. लांब दांड्याचं रबरी टोकाचं गेज घेऊ का?"

रबरी टोकाचं गेज घेऊ नका, निदान गाडीसाठी तरी नको. कारण सरळ हिशेबाचं आहे. १४ मिमीच्या भोकाचं क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटरच्या आसपास. सिलिंडरमध्ये १२ किलो प्रेशर (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १२ किलो) झालं की टोक बाहेर ढकलणारा जोर साडेअठरा किलोच्या घरात जातो. तेवढा जोर सीटखालच्या इंजिनावर वाकून, लांब दांडा सरळ धरून, प्रत्येक स्ट्रोकला सारखा ठेवायचा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने सेल्फ मारायचा. दांडा जरा कलला की हवा फुसकते आणि काटा सात किलोवर थांबतो. तुमचं सात-अकराचं कोडं बहुधा असल्याच गळतीचं आहे, मग ती रबराची असो की अर्धवट बसलेल्या ओ-रिंगची. १० मिमीच्या भोकाला हाच जोर साडेनऊ किलोपर्यंत येतो, म्हणून मोकळ्या प्लगच्या बाईकवर रबरी टोक कसंबसं चालतं.

अडचणीच्या जागी कमी आलेलं रीडिंग आधी हत्याराचं समजायचं, इंजिनचं नंतर. पिस्टनच्या रिंगा आणि बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा) खर्च गिऱ्हाइकाला सांगण्याआधी गेजचं टोक, नळी, ओ-रिंग आणि अडॅप्टर यांची झडती व्हायला हवी. त्याच क्रमाने पुढे लिहितो.

सगळ्यात मोठी फसवणूक नळीतल्या जागेची असते. स्क्रू होसमध्ये सायकलच्या ट्यूबसारखी एक व्हॉल्व्ह कोअर असते. ती हवा आत जाऊ देते, परत येऊ देत नाही. ही कोअर इंजिनकडच्या टोकाला, अगदी आट्यांच्या तोंडाशी असली पाहिजे. ती गेजच्या बाजूला असेल तर नळीतली सगळी पोकळी ज्वलनकक्षात मोजली जाते. आता आकडे बघा. चार मिमी आतल्या व्यासाची आणि ३०० मिमी लांबीची नळी म्हणजे जवळपास पावणेचार सीसी जागा. ९७ सीसीच्या बाईकचा कॉम्प्रेशन रेशो (आतली हवा कितीपट दाबली जाते तो आकडा) ९ धरला, तर पिस्टन वर आल्यावर डोक्यात उरणारी जागा फक्त १२ सीसी. त्यात पावणेचार सीसी मिळवले की रेशो थेट ७ वर घसरतो, आणि ११ किलो दाखवायला हवं तिथे काटा ८ च्या आसपास थांबतो. इंजिन ठणठणीत असलं तरी. ३०० सीसीच्या एका सिलिंडरला (चार सिलिंडरची १२०० सीसी गाडी, रेशो १०) हाच फरक १३ च्या जागी सव्वाअकरा असा दिसतो. म्हणजे कारमध्ये निभावून जाणारं गेज बाईकवर साफ खोटं बोलतं.

खोल खड्ड्यासाठी लोक नळीला आणखी एक तुकडा जोडतात किंवा लेथवाल्याकडून लांब पोकळ दांडा करून घेतात, तिथे हीच चूक होते. लांबी कितीही वाढवा, पण कोअर खालच्या टोकालाच हवी. आणि ती कोअर टायरची नको. टायरच्या कोअरची स्प्रिंग कडक असते. ती उघडायला जेवढं प्रेशर खर्च होतं तेवढं रीडिंगमधून जातं. गेजसाठी हलक्या स्प्रिंगची कोअर वेगळी मिळते, तीच घाला. टोकाची कोअर प्रत्येक वापराआधी कोअर-कीने घट्ट आहे का बघा. ढिली कोअर निसटली तर ती पिस्टनवर पडते आणि मग हेड उतरवण्याची वेळ येऊ शकते.

गेज स्वतः बरोबर आहे का, हे तपासायला दोन मिनिटं लागतात. होसच्या इंजिनकडच्या टोकातून कॉम्प्रेसरची ७-८ किलो हवा द्या, हवेची नळी काढा, टोक साबणाच्या पाण्यात बुडवा. काटा एक मिनिट जागचा हलता कामा नये. बुडबुडे कोअरमधून आले तर कोअर बदला, क्विक कपलरमधून (गेज आणि होसमधला झटकन सुटणारा सांधा) आले तर कपलरची रिंग. काटा कॉम्प्रेसरच्या गेजशी जुळतो का, तेही त्याच वेळी कळतं.

आता आट्यांकडे. आधी काढलेला प्लग हातात घेऊन मोजा, अंदाजाने अडॅप्टर निवडू नका. गाड्यांत १४ मिमी आणि १२ मिमी, दोन्हींना १.२५ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत). बाईकमध्ये बहुतेक वेळा १० मिमी आणि पिच १.०. जुन्या इंजिनांत कधी १८ मिमी, पिच १.५. व्यासाइतकीच आट्यांची लांबी महत्त्वाची: १२.७, १९ आणि २६.५ मिमी या नेहमीच्या लांब्या. १२.७ च्या भोकात १९ मिमीचं टोक घातलं तर सव्वासहा मिमी कक्षात डोकावतं, आणि पिस्टन किंवा व्हॉल्व्ह त्याला धडकू शकतो. आखूड टोक लांब भोकात चालतं, फक्त थोडी जागा वाढून रीडिंग किंचित कमी येतं. काहीही असो, टोक बसवल्यावर सेल्फ मारण्याआधी क्रँक पुलीच्या नटावर पान्हा लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडकलं तर तिथेच थांबा.

किटमधली छोटी अडॅप्टर्स हीच अडॅप्टर आत राहण्याचं खरं मूळ आहेत. होसचं टोक १४ मिमीचं, त्यावर १२ किंवा १० चं अडॅप्टर हाताने फिरवलेलं. आत जाताना दोन्ही एकाच दिशेने घट्ट होतात. बाहेर काढताना जो सांधा ढिला तो आधी सुटतो, आणि खड्ड्याच्या तळाशी अडॅप्टर टोपीसारखं बसून राहतं. उपाय आधीच करायचा असतो. अडॅप्टर होसवर टेबलवर बसून, दोन पान्ह्यांनी घट्ट करा, आट्यांवर मध्यम ताकदीचं निळं थ्रेड लॉकर (आटे चिकटवून ठेवणारं द्रव) लावा आणि रात्रभर वाळू द्या. कायमचं जोडलेलं बरं. खर्च वाढतो, पण माझ्या मते गॅरेजमध्ये १०, १२ आणि १४ असे तीन वेगळे होस असणं हेच शहाणपणाचं. अडॅप्टर बदलत बसण्यात जेवढा वेळ जातो, त्यापेक्षा होस स्वस्त.

अडॅप्टर आधीच आत अडकलं असेल तर घाई नको. त्याला षटकोन असेल तर पातळ भिंतीचं लांब सॉकेट जाईल. गोल, खरबरीत कडेचं असेल तर बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित तंग अशी रबरी किंवा पीव्हीसीची नळी त्यावर दाबून उलटं फिरवा. अडॅप्टर ओ-रिंगवर हाताने बसवलेलं असतं, त्यामुळे बहुतेक वेळा एवढ्यानेच सुटतं. तरी हललं नाही तर अडॅप्टरच्या आतल्या आट्यांचा जुना प्लग घ्या, त्याच्या वरच्या दोन-तीन आट्यांवर लॉकरचा अगदी थोडा लेप द्या (ओघळून खाली जाता कामा नये), बोटाने फिरवून बसवा आणि रात्रभर सोडा. सकाळी प्लगच्या पान्ह्याने उलटं फिरवलं की दोन्ही बरोबर येतात. तो प्लग पान्ह्याने घट्ट करू नका, कारण तो जोर अडॅप्टरमार्फत हेडवरच जाईल. टॅपर एक्स्ट्रॅक्टर हातोडीने ठोकणं सगळ्यात वाईट. अडॅप्टर फुगतं आणि अॅल्युमिनियमच्या आट्यांत आणखी रुततं.

खड्ड्यात टोक घालण्याआधी खड्डा साफ हवा. प्लग सोडण्याआधी हवा मारा, प्लग एक आटा ढिला करा, पुन्हा हवा मारा, मगच पूर्ण काढा. डोळ्यांवर गॉगल हवा, कारण सीटखालच्या इंजिनाच्या खड्ड्यात रस्त्याची बारीक रेती साचते आणि हवा मारली की ती सरळ तोंडावर उडते. खड्ड्यात ऑइल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरच्या गोल सीलमधून गळती आहे. ते आधी लांब काठीला चिंधी गुंडाळून शोषून घ्या. नाहीतर प्लग काढताच ते बोअरमध्ये उतरतं, रिंगांना तात्पुरतं सील मिळतं आणि घासलेलं सिलिंडर चांगलं दिसतं. ऑइल न टाकताच ओली टेस्ट (सिलिंडरमध्ये मुद्दाम थोडं ऑइल टाकून घेतलेलं रीडिंग) झाली म्हणायची.

टोकाचे आटे पकडत नाहीत याचं कारण बहुधा होसचा ताण असतो. रबरी होस गुंडाळी करून ठेवलेला असतो, त्याला वाक राहतो आणि टोक भोकात तिरकं टेकतं. होस आदल्या दिवशी सरळ टांगून ठेवा. गेज क्विक कपलरमधून काढून बाजूला ठेवा. गेजसकट होस फिरवायचा प्रयत्न केला तर गेज भोवतालच्या पाइपांना अडकतं आणि पीळ परत उलटा फिरतो. होसवर आतून सैल जाईल असा प्लास्टिकचा किंवा अॅल्युमिनियमचा सरळ पाइप चढवा, बाहेरचा व्यास खड्ड्यापेक्षा दोन-तीन मिमी कमी ठेवा. पाइप खड्ड्यात होसला मध्यावर धरतो. मग होस आधी उलटा, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध, हळू फिरवा. एका ठिकाणी टोक किंचित खाली बसल्याचं बोटांना कळतं. तिथून सरळ फिरवायला लागा. पहिले तीन फेरे दोन बोटांनी सहज गेले पाहिजेत. जोर लागला तर आटे चुकलेत, परत काढा. पक्कड लावायची नाही. अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले तर हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवण्याचं काम या टेस्टच्या दसपट किमतीचं.

घट्ट किती करायचं? हातानेच. टोकाखालची ओ-रिंग सील करते, लोखंडाचा जोर नाही. ओ-रिंगला बोटाने ऑइल लावा, म्हणजे ती तळाशी पिळली जात नाही. साध्या काळ्या नायट्राइल रिंगा गरम हेडवर लवकर कडक होतात. व्हायटॉनच्या (उष्णता सोसणाऱ्या रबराच्या) मागवा आणि त्याच मापाच्या पाच-दहा ठेवा. होस काढल्यावर रिंग टोकावर आली का, हे दरवेळी बघा. ती खड्ड्यात राहिली आणि वरून प्लग बसवला तर प्लगचं वॉशर नीट टेकत नाही.

खोल खड्ड्यात गळती दिसत नाही आणि साबणाचं पाणी तिथे नको. त्याऐवजी आठ मिमीची साधी रबरी नळी एक टोक खड्ड्याच्या तळाशी आणि दुसरं कानाशी धरा. सेल्फ मारताना प्रत्येक स्ट्रोकला "फुस्स" ऐकू आलं की ओ-रिंग गळतेय. नळी पंखा-बेल्टपासून लांब ठेवा. पुढचा नियम सोपा: कमी आलेल्या सिलिंडरवर होस पूर्ण काढून पुन्हा बसवायचा आणि पुन्हा मोजायचं. दोन्ही आकडे अर्ध्या किलोच्या आत जुळले तरच वहीत लिहा.

वर जागाच नसेल, म्हणजे प्लग बॉडीच्या पत्र्याला किंवा इनटेक मॅनिफोल्डला तोंड करून असेल, तर लवचीक होस वाकवून चालत नाही, कारण वाकलेला होस टोकाला तिरकं ओढत राहतो. तिथे दोन तुकड्यांचं काम करा: आखूड बुटकं टोक (कोअर त्याच्यातच), आणि त्यावर फिरत्या नटाचा काटकोनी सांधा. आधी टोक आखूड सॉकेटने बसवा, मग सांध्याचा नट वरून आवळा. सांधा हवा त्या दिशेला तोंड करून राहतो आणि होस पिळला जात नाही. सातपूर-अंबडच्या लेथवाल्यांकडे असं टोक सहज होतं, फक्त रेखाचित्र नीट द्या. साहित्य पितळ चालतं, कारण चुकलंच तर हेडच्या आट्यांऐवजी ते झिजतं. आट्यांच्या पुढे तीन मिमीचं बिनआट्यांचं नाक ठेवायला सांगा: १४ च्या टोकाला १२.४ मिमी व्यास, १२ ला १०.४, आणि १० ला ८.७. हे नाक आधी भोकात शिरतं आणि आटे आपोआप सरळ सुरू होतात. बाजारच्या किटमध्ये हे क्वचित असतं, आणि अंधाऱ्या खड्ड्यात सगळ्यात उपयोगी तेच पडतं. नाकाची लांबी धरूनच एकूण टोक प्लगच्या आट्यांपेक्षा लांब होता कामा नये.

जुन्या प्लगची चिनीमाती फोडून त्याला पाइप वेल्ड करण्याचा जुगाड बऱ्याच ठिकाणी दिसतो. आटे बरोबर मिळतात हे खरं, पण कोअर तळाशी बसवायला जागा राहत नाही, चिनीमातीचे कण आत चिकटून राहतात आणि वेल्डने आटे वाकडे होतात. तो टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर येतो ती जागा) शोधायला वापरा, मोजायला नको.

पल्सरचं उत्तर सोपं आहे. ट्विन स्पार्क इंजिनात दोन्ही प्लग एकाच कक्षात उघडतात, त्यामुळे जो हाताशी आहे त्याच भोकात गेज लावा आणि अडचणीचा प्लग घट्ट बसलेला राहू द्या. दोन्ही स्पार्क मात्र बंद हवेत. अडचणीच्या प्लगचं वॉशर गळतंय अशी शंका असेल तर त्याभोवती दोन थेंब साबणाचं पाणी टाकून बघता येतं. बाईकबाबत आणखी एक: काही इंजिनांना किक किंवा सेल्फ हलका जावा म्हणून आपोआप चालणारं डीकॉम्प्रेसर असतं, उदाहरणार्थ रॉयल एनफिल्डची यूसीई इंजिनं. क्रँकिंगच्या वेगाला ते व्हॉल्व्ह किंचित उघडं ठेवतं, मग रीडिंग कमी येणारच. तिथे कंपनीने दिलेला आकडाच धरा.

टेस्टचा क्रम तुम्हाला माहीत आहे, म्हणून फक्त तिथे चुकतं तेवढं सांगतो. इंजिन चालू करून गरम करा. सीएनजी गाडीत टाकीवरचा हातव्हॉल्व्ह बंद करा. पेट्रोलवर पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या. मग वीस-पंचवीस मिनिटं थांबा. कडक तापलेल्या अॅल्युमिनियम हेडमधून प्लग काढले तर आटे ओढले जातात, आणि ओमनी-ईकोत हात भाजणार तो वेगळाच. कॉइलचे कनेक्टर काढा, वायरवाल्या गाडीत कॉइलच्या प्रायमरीचा. इंजेक्टरचे कनेक्टरही काढले तर उत्तम. सगळे प्लग काढा, एक-एक नाही. एकच काढला तर बाकीचे सिलिंडर सेल्फला अडवतात, वेग पडतो आणि रीडिंग उतरतं.

थ्रॉटल पूर्ण उघडं हवं. केबलवाल्यात एक्सलेटर दाबून धरा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये पेडल दाबल्यावर पाकळी खरंच उघडते का, हे एअर पाइप काढून डोळ्यांनी बघा. काही गाड्यांत ती क्रँकिंगला पूर्ण उघडत नाही. पाकळीत स्क्रूड्रायव्हर अडकवून ठेवू नका, गिअर तुटतात. बॅटरी भरलेली हवी, सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. डिसेंबर-जानेवारीत निफाड-पिंपळगावच्या बाजूला सकाळी ऑइल घट्ट झालेलं असतं, तेव्हा बाहेरून दुसरी बॅटरी जोडा. प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा कॉम्प्रेशन स्ट्रोक द्या. पहिल्या स्ट्रोकला काटा कुठे गेला हे वेगळं लिहा, शेवटच्या आकड्याएवढंच ते कामाचं.

पहिल्या स्ट्रोकला कमी आणि मग चढत गेलं तर रिंगा. पहिल्यापासून कमी आणि तिथेच अडलं तर व्हॉल्व्ह. सीएनजीवर पळालेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीट झिजते, टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली मोकळीक) संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, म्हणून हेड उतरवण्याआधी फट मोजा. शेजारची दोन सिलिंडर एकत्र पडली, विशेषतः कसारा घाटात तापलेल्या गाडीत, तर गॅस्केट. सगळीच सारखी कमी असतील तर इंजिनवर जाण्याआधी थ्रॉटल, बॅटरी आणि टायमिंग बघा.

ओली टेस्ट करताना "एक चमचा ऑइल" हा जुना नियम छोट्या इंजिनला लावू नका. १२ सीसीच्या कक्षात ५ मिली ऑइल टाकलं तर हवेला सातच सीसी उरतात आणि रेशो ९ वरून १५ च्या जवळ जातो. रिंगा गेलेल्या नसतानाही काटा उडी मारतो आणि उगाच बोअर-पिस्टन काढलं जातं. कारच्या ३३ सीसीच्या कक्षातही ५ मिलीने रेशो १० वरून साडेअकराच्या वर जातो, म्हणजे प्रेशरमध्ये सुमारे एक पंचमांश वाढ नुसत्या जागेमुळे. बाईकला सिरिंजने एक मिली, कारला दोन-तीन मिली पुरे. चांगल्या सिलिंडरमध्येही तेवढंच ऑइल टाकून त्याची वाढ बघा, मग तुलना करा. खोल खड्ड्यात सिरिंजला पातळ नळी लावा, नाहीतर निम्मं ऑइल खड्ड्याच्या भिंतीलाच राहतं. स्प्लेंडर किंवा अॅक्टिवासारख्या जवळपास आडव्या सिलिंडरमध्ये ऑइल खालच्या बाजूला साचतं, रिंगच्या वरच्या अर्ध्या भागाला पोहोचत नाही. तिथे ओल्या टेस्टवर विसंबू नका, लीक-डाउन (सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून ती कुठून गळते ते बघणं) करा.

लीक-डाउनला हाच होस चालतो, पण टोकाची कोअर काढून. कोअर ठेवली तर नळीतली हवा सिलिंडरमध्ये जाणारच नाही, आणि तो गळत असला तरी कळणार नाही. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आणा, क्रँकवरचा पान्हा काढून घ्या (हवेने इंजिन फिरलं तर तो पान्हा हात मोडतो), सहा किलो हवा द्या आणि ऐका: सायलेन्सरमध्ये आवाज म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडे म्हणजे इनलेट, ऑइलच्या झाकणातून म्हणजे रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गॅस्केट.

आकडा कशाशी ताडायचा? कंपनीच्या मॅन्युअलशी, पण नाशिकची उंची धरून. शहर समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटरवर आहे आणि हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी. मुंबईत १४ किलो दाखवणारं इंजिन इथे १३ दाखवेल आणि त्यात काही बिघाड नाही. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली गेला तर दखल घ्या. बऱ्याच मॅन्युअलमध्ये तर एका किलोचाच फरक चालतो. एकक मिसळू नका. एक किलो म्हणजे १४.२ पीएसआय, एक बार म्हणजे १४.५.

महिंद्राच्या डिझेल गाड्या इथे घरोघरी आहेत म्हणून सांगतो: पेट्रोलचं २० किलोपर्यंतचं गेज डिझेलवर लावू नका. तिथे प्रेशर २५-३० किलोच्या पुढे जातं, होस ग्लो प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकातून लागतो आणि कोअरही वेगळी लागते.

आणि जिथे प्लग काढणं हेच अर्ध्या दिवसाचं काम आहे, मॅनिफोल्ड उतरवावं लागतं, तिथे आधी सेल्फच्या केबलवर करंट क्लॅम्प लावून ऑसिलोस्कोपवर आलेख बघा. प्रत्येक कॉम्प्रेशनला करंट चढतो. एक शिखर बुटकं दिसलं तर एक सिलिंडर कमकुवत आहे. किलोत आकडा मिळत नाही, पण एवढं उघडायचं की नाही हे ठरतं. पहिल्या कॉइलवरून खूण घेतली तर कोणता सिलिंडर तेही कळतं.

प्लग परत बसवताना १५-२० सेंटिमीटर रबरी फ्युएल पाइप प्लगच्या डोक्यावर चढवून हाताने सुरू करा. आटे चुकले तर पाइप घसरतो, आटे वाचतात. शेवटी १४ मिमीला २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ ला १५ ते २०, १० ला १० ते १२. टॉर्क पान्हा खड्ड्यात जात नसेल तर हाताने टेकेपर्यंत बसवून नव्या वॉशरला अर्धा फेरा, जुन्या वॉशरला एक-बारांश फेरा. फ्यूज आणि कनेक्टर जोडून इंजिन सुरू केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर तो काढलेल्या कॉइल-इंजेक्टरच्या कोडचा. स्कॅनरने कोड पुसा, आणि तो परत आला तर ज्या कनेक्टरची क्लिप काढताना तुटली तो आधी तपासा.